इन कॅमेरा, अर्थ दुसरा

१

शब्द हा माणसाचा सर्वांत पवित्र ठेवा आहे आणि तो जपणाऱ्यांना समाज कधीही विसरत नाही, असं कोशबाई शब्दकोशाच्या नोकरीची एकतीस वर्षं प्रत्येक भाषणात सांगत आल्या होत्या. निवृत्तीनंतर समाजाने त्यांना पहिला फोन केला तो चार वर्षांनी, आणि तोही कुणीतरी मेलं म्हणून.

मेली होती ती पाणी तपासणाऱ्या संस्थेतली एक प्रयोगशाळा सहायक. तिला सगळे थोरली म्हणत, कारण तिची धाकटी बहीण त्याच इमारतीत खाली स्वागतकक्षात बसायची. संस्थेत पाण्याचे अहवाल नमुने येण्याआधीच टंकून तयार असतात, अशी तक्रार थोरलीने केली होती. चौकशी समिती बसली. बुधवारी बंद खोलीत थोरलीची साक्ष झाली. तिने सहा नावं घेतली.

गुरुवारी सकाळी ती जिना उतरून खाली आली, तर स्वागतकक्षातल्या टीव्हीवर ती स्वतःच साक्ष देत होती. एरवी त्या टीव्हीवर 'रांगेत उभे राहा' आणि 'थुंकू नका' याखेरीज काही येत नसे. समोर हजेरीसाठी चाळीस माणसं उभी होती. सहापैकी पाच त्यांत होती, आणि सहावा रजेवर असल्याची हळहळ पाचांनाही वाटली असावी, कारण त्यांनी त्याला लगेच फोन लावला. टीव्ही धाकटीने लावला होता. ती रोजच लावायची. बटण दाबून ती फोन घ्यायला वळली होती.

दुपारी तीन वाजता थोरली आवारातल्या उंच टाकीवरून पडली. पोलिसांनी 'पाय घसरला' असं लिहिलं. टाकीला एकशे बारा पायऱ्या होत्या आणि थोरलीचं वर काही काम नव्हतं, पण त्यासाठी त्यांच्या कागदात रकाना नव्हता.

"दुःखद आहे," संचालक म्हणाले. त्यांच्या टेबलावर सीलबंद पाण्याची बाटली होती. संस्थेत प्रत्येकाच्या टेबलावर तीच होती, हे कोशबाईंनी येता येता पाहिलं होतं. "फार दुःखद. पण बाई, मुळात हा घोटाळा एका शब्दाचा आहे. समितीच्या न्यायाधीशसाहेबांनी आदेश दिला, साक्ष इन कॅमेरा घ्यावी. आमच्या अधीक्षकांना वाटलं, कॅमेरा लावून. लावला. आता तुम्ही त्या शब्दाच्या जाणकार."

"मूळ लॅटिन आहे," कोशबाई म्हणाल्या. त्यांना राहवलं नाही. "कॅमेरा म्हणजे खोली. इन कॅमेरा म्हणजे खोलीच्या आत, बंद दाराआड. इंग्रज वकिलांनी ते तसंच उचललं. फोटो काढायच्या यंत्राला आधी अंधारी खोली म्हणत, त्यातली अंधारी गळाली आणि नुसती खोली उरली. आपल्याकडे दोन्ही वाटांनी आलं. सुनावणी इन कॅमेरा म्हणजे कुणी बघायचं नाही. शवविच्छेदन इन कॅमेरा म्हणजे सगळं चित्रित करायचं. एकाच पानावर छापतात पेपरवाले, अर्थ एकमेकांच्या उलटे."

"म्हणजे दोन अर्थ आहेत."

"माझ्या कोशात दोन्ही दिलेत. लोक वापरतात तो अर्थ. कोश म्हणजे काही न्यायालय नव्हे."

"वा," संचालक म्हणाले. "मग एवढंच लिहून द्या. शब्दाला दोन अर्थ आहेत, गैरसमज प्रामाणिक होता. राहता राहिलं ते चित्रीकरण टीव्हीवर कसं गेलं. ते त्या कॅमेरावाल्याचं काम दिसतंय. कंत्राटी आहे. पोलीस त्याचं बघतील."

"आधी सगळ्यांशी बोलते."

"बोला की. फक्त त्या धाकटीला काही विचारू नका. पोरीने आपल्या हाताने बटण दाबलंय. आम्ही कुणीच तिला विचारलेलं नाही. तेवढी माणुसकी आहे आमच्यात."

कोशबाईंना हे पटलं. त्या इमारतीत त्यांना पटलेली ही पहिलीच गोष्ट होती.

खाली उतरल्या तेव्हा धाकटी उभी राहिली. "बाई, मला एक..."

"बस बाळा," कोशबाईंनी तिच्या खांद्यावर थोपटलं. "तू कशाला त्रास करून घेतेस. मी बघते सगळं."

२

न्यायाधीशसाहेब निवृत्त होते आणि अजून ते कुणी त्यांना पटवू शकलं नव्हतं.

"इन कॅमेराचा अर्थ एकच," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मी तोच वापरला."

"अधीक्षकांना सांगितलात?"

"अर्थ? सांगायचा कशाला? ज्याला कळत नाही त्याने विचारावा."

"तुम्ही खोलीत तीन तास होतात. कॅमेरा दिसला नाही?"

"कपाटावर ढाली होत्या, करंडक होते. संस्थेला बरीच पारितोषिकं आहेत. त्यांतलंच काहीतरी वाटलं." त्यांनी डोळे चोळले. "आणि त्या दिवशी दिसत कमीच होतं. समोर बसलेली बाईसुद्धा मळकट दिसत होती. म्हटलं, मोतीबिंदू वाढला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो तर म्हणे डोळे ठणठणीत आहेत. फी घेतली ती घेतलीच."

कोशबाईंनी वहीत लिहिलं: मळकट.

अधीक्षक सडपातळ, नम्र आणि इस्त्रीचे होते. त्यांचं टेबल इतकं नीटनेटकं होतं की त्यावर काम झाल्याचा संशयही येऊ नये. थोरलीच्या सहा नावांत त्यांचं नाव पहिलं होतं.

"माझी चूक झाली बाई," त्यांनी सुरुवातच तिथून केली. "मी साधा माणूस. पेपरात वाचतो, इन कॅमेरा शवविच्छेदन. ते कॅमेऱ्यातच करतात ना? मला वाटलं साक्षही तशीच. दुसरा काही अर्थ असतो हे मला गुरुवारी संध्याकाळी कळलं."

"कॅमेरा ढालींमागे का ठेवायला सांगितलात?"

"साक्षीदार बुजते. बायकामाणसाचा प्रश्न."

"आणि चित्रीकरणाचं कार्ड?"

"ते ट्रायपॉडकडेच राहिलं. म्हणजे आमचा कॅमेरावाला, लांब पायांचा आहे म्हणून ट्रायपॉड म्हणतात. टीव्हीवरच्या सूचनाही तोच तयार करतो, पेनड्राइव्हही तोच रोज काउंटरवर देतो. गडबडीत चुकीची फाइल गेली असेल. किंवा मुद्दाम. माणसाच्या मनातलं मी काय सांगणार?"

"थोरलीनंतर आणखी साक्षी होणार होत्या?"

"अकरा होत्या," अधीक्षक म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात हिशेब जुळल्याचा गोडवा उतरला. "अकराही जणांनी शुक्रवारी लेखी कळवलं, की त्यांना काहीच सांगायचं नाही."

३

ट्रायपॉड जिन्याखालच्या खोलीत वायरी गुंडाळत बसला होता. कंत्राटी असल्यामुळे त्याला टेबल नव्हतं, आणि टेबल नसल्यामुळे बाटलीही नव्हती. तो नळाचं प्यायचा.

"दोन्ही मीच केले," तो म्हणाला.

"दोन्ही म्हणजे?"

"तिची साक्ष बुधवारी. आणि शुक्रवारी..." त्याने वायर पुन्हा सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली. "पोलिसांना शवविच्छेदनाचं चित्रीकरण पाहिजे होतं. त्यांचा माणूस आला नव्हता. अधीक्षकांनी सांगितलं, आमचा आहे, घेऊन जा. मी म्हटलं, साहेब, मला नको. तर म्हणाले, इन कॅमेराचा तुला अनुभव आहे."

एकतीस वर्षं शब्द गोळा केलेल्या बाईला तिथे एकही सापडला नाही.

"कार्ड मी पाकिटात घालून त्यांच्या हातात दिलं," ट्रायपॉड म्हणाला. "बुधवारी पाच वाजता. पावती मागितली तर हसले. पेनड्राइव्हसुद्धा मी रोज संध्याकाळी त्यांनाच देतो. पुढं काय होतं मला माहीत नाही, मी सकाळी अकराला येतो. आता म्हणतात पोलीस केस करणार. बायकोला अजून सांगितलेलं नाही. बाई, मला आत टाकतील का हो?"

"मी आहे ना," कोशबाई म्हणाल्या. त्या दिवसात दुसऱ्यांदा. "ते चित्रीकरण आहे का तुझ्याकडे?"

"लोकांनी टीव्हीवरून मोबाइलवर घेतलंय. आता सगळ्यांकडेच आहे."

त्याने दाखवलं. थोरली खुर्चीच्या टोकावर बसली होती आणि पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती. मध्येच तिने विचारलं, "साहेब, हे बाहेर जाणार नाही ना?" न्यायाधीशसाहेबांचा आवाज म्हणाला, "निर्धास्त बोला." ती हसली. तिचा चेहरा, हात, पांढरी ओढणी, सगळं कावीळ झाल्यासारखं पिवळट तपकिरी दिसत होतं.

"हा रंग असा का?"

ट्रायपॉडच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच कारागिराची चीड आली. "तेच ना. मंगळवारी सकाळी मी खोली बघून गेलो होतो. दाराला एवढी मोठी काच, समोर व्हरांडा, बदाबदा पांढरा उजेड. म्हटलं, दिवा आणायला नको. बुधवारी आलो तर काचेला आतून कागद. खाकी. उजेड सगळा त्यातून गाळून. मी अधीक्षकांना म्हटलं, चेहरा मेल्यासारखा येईल. म्हणाले, येऊ दे." त्याने मोबाइल बंद केला. "शुक्रवारी उलट. तिथे उजेड चांगला होता. तिथे तिचा रंग बरोबर आला."

४

साक्षीची खोली रिकामी होती. दाराची काच स्वच्छ होती, फक्त चार कोपऱ्यांत चिकटपट्टीचे चौकोन राहिले होते, आणि तेही आतल्या बाजूने. कोशबाईंनी बोट लावलं. अजून चिकट होतं.

त्या खुर्चीवर बसल्या आणि कोशाची नोंद तपासावी तसा एक साधा विचार त्यांनी दोनदा तपासला. ज्याला इन कॅमेरा म्हणजे चित्रीकरण वाटतं, त्याला उजेड हवा असतो. काच झाकतो तो, ज्याला इन कॅमेरा म्हणजे बंद खोली हे ठाऊक असतं. पण अधीक्षकांना तर तो अर्थ गुरुवारी संध्याकाळी कळला होता, आणि कागद बुधवारी सकाळी काचेवर होता. प्रश्न एवढाच, की कागद लावला कुणी.

भांडारपाल हा त्या संस्थेतला सर्वांत दुःखी माणूस होता, कारण लोक त्याच्याकडून वस्तू नेत.

"खाकी कागद?" तो म्हणाला. "दोन मीटर गेला. दारं मी मोजलेली आहेत, त्या काचेला दीड पुरतो. उरलेला अर्धा मीटर अजून परत नाही. तीनदा आठवण केली."

"कुणाला?"

"नेला त्यालाच. बाई, माझ्याकडे तोंडी काही चालत नाही. मागणीपत्र पाहिजे. तारीख, वस्तू, कारण. कारणाचा रकाना रिकामा असला तर मी संचालकांनासुद्धा टाचणी देत नाही."

त्याने फाइल काढली, थुंकी लावून पानं उलटली आणि एक चिठ्ठी पुढे सरकवली. अक्षर सुबक, नम्र आणि इस्त्रीचं होतं.

तारीख मंगळवारची. वस्तू: खाकी कागद, दोन मीटर. कारण: साक्ष इन कॅमेरा असल्याने दाराची काच झाकणे.

खाली अधीक्षकांची सही.

माणूस खून लपवतो, चोरी लपवतो, बायकोपासून पगार लपवतो. पण वीस वर्षं कारकुनी केलेला माणूस कारणाचा रकाना रिकामा सोडू शकत नाही. हात आपोआप खरं लिहून जातो.

कोशबाईंनी चिठ्ठीची प्रत घेतली. त्या स्वागतकक्षातून बाहेर पडत होत्या तेव्हा धाकटी पुन्हा उठली. "बाई, दोनच मिनिटं..."

"उद्या, बाळा," कोशबाई म्हणाल्या. "उद्या तुला मीच येऊन सांगते कोण ते."

५

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता संचालकांच्या खोलीत चौघं बसले: संचालक, न्यायाधीशसाहेब, अधीक्षक आणि कोशबाई. चार बाटल्या होत्या. बाहेर बाकावर ट्रायपॉड पिशवी मांडीवर घेऊन बसला होता, आणि त्याच्या शेजारी एक पोलीस, ज्याला घाई नव्हती.

कोशबाईंनी चेहऱ्याच्या पिवळ्या रंगापासून सुरुवात केली. मग न्यायाधीशसाहेबांचा नसलेला मोतीबिंदू, काचेचे कोपरे, आणि शेवटी चिठ्ठीची प्रत. ती त्यांनी टेबलाच्या मधोमध ठेवली.

"मंगळवारी तुम्हाला ठाऊक होतं, इन कॅमेरा म्हणजे बंद दाराआड," त्या अधीक्षकांना म्हणाल्या. "तुमच्याच हातचं आहे. तरी तुम्ही ढालींमागे कॅमेरा बसवलात. म्हणजे गैरसमज झाला नव्हता. न्यायाधीशांपासून आणि साक्षीदारापासून चोरून चित्रीकरण हवं होतं. चोरून घेतलेलं चित्रीकरण माणूस दुसऱ्याच्या खिशात राहू देत नाही, म्हणून कार्ड तुमच्याकडे आलं. आणि ते टीव्हीवर लागल्याने एकाच माणसाचं भलं झालं. अकरा साक्षी गप्प झाल्या."

न्यायाधीशसाहेबांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, मग लांब नेली. अधीक्षकांनी बाटलीचं झाकण उघडलं, एक घोट घेतला आणि झाकण पुन्हा घट्ट लावलं.

"बाई, मी काल खोटं बोललो," ते म्हणाले. "घाबरलो होतो. अर्थ मला ठाऊक होता."

संचालक दचकले.

"दोन्ही अर्थ ठाऊक होते," अधीक्षक म्हणाले, आणि पायाशी ठेवलेल्या बॅगेतून त्यांनी एक जाडजूड पुस्तक काढलं. कोशबाईंनी ते लांबूनच ओळखलं. बाइंडिंगच्या रंगावरून त्यांचं प्रकाशकाशी दोन महिने भांडण चाललं होतं. "वाचतो. इन कॅमेरा. एक, बंद दाराआड. दोन, चित्रीकरणासह. आता प्रस्तावना. 'क्रमांक दिलेले सर्व अर्थ सारखेच ग्राह्य समजावेत.' खाली सही तुमची आहे."

"तो नियम..." कोशबाई म्हणाल्या.

"आदेशात कोणता अर्थ ते लिहिलेलं नव्हतं. साहेबांना विचारायची माझी प्राज्ञा नाही. एक पाळला आणि दुसरा राहिला तर उद्या मलाच जाब विचारणार. म्हणून दोन्ही पाळले. दार बंद केलं, काच झाकली, कॅमेरा लावला. आदेशाचं याहून पूर्ण पालन कुणी करून दाखवावं."

न्यायाधीशसाहेबांनी मान डोलावली. कायद्यात मुरलेला माणूस सुंदर युक्तिवाद ऐकला की बायको हरवल्याचंही विसरतो.

"तर्काला धरून आहे," ते म्हणाले.

"एकावेळी एकच अर्थ घ्यायचा असतो," कोशबाई म्हणाल्या.

"तसं कोशात कुठे लिहिलंय?" अधीक्षकांनी आदराने विचारलं.

कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते लहान मुलालाही कळतं, म्हणून लिहायचं राहिलं होतं.

"आणि कार्ड? टीव्ही?"

"ते मी कालच सांगितलं. पेनड्राइव्ह ट्रायपॉड देतो."

"तो म्हणतो, तो तुमच्याच हातात देतो."

"तो म्हणणारच. साक्षीदार आहे का कुणी?"

"बाई," संचालक मध्ये पडले, "कार्ड हा भाषेचा विषय नाही. तुमचं काम शब्दापुरतं होतं, आणि तुम्ही ते फार छान केलंत."

त्यांनी टंकलेलं पान पुढे केलं. एकच वाक्य होतं: 'इन कॅमेरा' या शब्दप्रयोगाला दोन अर्थ असून दोन्ही प्रचारात आहेत. कोशबाईंनी ते तीनदा वाचलं. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता, आणि त्यातले बरेचसे त्यांचेच होते. त्यांनी दुसरं पान घेतलं, पिवळ्या चेहऱ्यापासून अकरा साक्षींपर्यंत सगळं हाताने लिहिलं, अधीक्षकांच्या हुद्द्याखाली रेघ ओढली आणि मग दोन्ही पानांवर सही करून ती टाचणीने जोडली.

संचालकांनी दोन्ही पानं घेतली आणि त्यांची टाचणी हळूच काढली. "हे दुसरं पान आपण इन कॅमेरा ठेवू."

"कुठल्या अर्थाने?"

"तुमच्या पहिल्या," संचालक म्हणाले. "बाहेर बसा जरा. त्या कॅमेरावाल्याचं आम्ही ठरवतो."

६

स्वागतकक्षातल्या टीव्हीवर 'आपले सहकार्य हीच आमची ओळख' असं सरकत होतं. धाकटीने दोन्ही हात काउंटरवर ठेवले होते, एक रिमोटपासून शक्य तेवढा लांब.

"सांगणार होता ना, कोण ते," ती म्हणाली.

पान इन कॅमेरा होतं. कोशबाईंनी तरीही सांगितलं. "अधीक्षक. पण सिद्ध होत नाहीये. टीव्हीला लावायचं ते काउंटरवर कोण आणून देतं, त्यावर अडलंय. ते म्हणतात ट्रायपॉड. त्या बिचाऱ्याला पोलीस नेतील आता."

धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. खिडकी चुकलेल्या माणसाकडे ती दिवसभर तसंच बघत असे.

"अधीक्षकच देतात," ती म्हणाली.

"काय?"

"पेनड्राइव्ह. रोज साडेनऊला. गुरुवारीसुद्धा त्यांनीच दिला. म्हणाले, आज जरा आवाज मोठा ठेव. ट्रायपॉड तर अकराला येतो." तिने इकडे तिकडे पाहिलं. "हे सगळ्यांना माहीत आहे बाई. हजेरीच्या रांगेसमोरच देतात. मी तुम्हाला दोनदा सांगायला आले. तुम्ही थोपटलंत."

कोशबाईंनी तिच्या खांद्याकडे निघालेला हात मागे घेतला.

"मला कुणी विचारलंच नाही," धाकटी म्हणाली. "सगळे म्हणतात, बिचारीला त्रास नको. मला वाटायला लागलं, मीच केलं म्हणून कुणी विचारत नाही."

"लिहून देशील?"

"देते की."

तिने हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, तारीख घातली, वेळ घातली, सही केली. कोशबाई तो कागद घेऊन जिना चढल्या. वयाच्या मानाने भराभर चढल्या. आत बैठक चालू होती. बाकावर पोलीस उभा राहिला होता आणि ट्रायपॉड पिशवीचा बंद बांधत होता.

त्यांनी दार वाजवलं. आतून कडी होती. काचेतून निदान कागद तरी दाखवावा म्हणून त्या वाकल्या.

काचेला आतून खाकी कागद लावलेला होता. संचालकांच्या दाराची काच लहान होती. अर्ध्या मीटरात भागली.